गोव्यात स्वयंपाकघर नव्याने करताय? या चुका टाळा

मे महिना लागला की फोन सुरू होतात, "चवथीपूर्वी (गणपतीपूर्वी) स्वयंपाकघर नवं करून द्या." माझं उत्तर ठरलेलं आहे: आता भिंत बघू, काम चवथीनंतर. लोक नाराज होतात. पण जूनमध्ये पाऊस लागला की नवं प्लास्टर वाळत नाही. तशाच ओल्या भिंतीला टेकवून कपाटं बसवली, की चवथीला ती चकचकीत दिसतात आणि दिवाळीपर्यंत मागून काळी पडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाइलवर चित्र बघून कपाटांपासून सुरुवात करणं. म्हार्दोळजवळच्या एका घरात याचा पुरता अनुभव घेतला. जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, स्वयंपाकघराची भिंत नैऋत्येला, बाहेरून गिलावा नाही. मी म्हटलं, आधी बाहेरून गिलावा करा, वर पत्र्याची पडवी काढा. त्यांना घाई होती. एका दुकानाने पार्टिकल बोर्डाची, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांची, तयार कपाटं आणून पटापट जोडून दिली. ऑगस्टमध्ये मला बोलावलं. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून दार लागत नव्हतं. बिजागरीचा स्क्रू हाताने ओढला तर भुशासकट बाहेर आला. मागची फळी काढली तेव्हा भिंतीवर बुरशी पसरलेली, आणि कपाटातल्या तांदळाच्या डब्यांनाही तोच वास. सगळं उचलून टाकावं लागलं. तो पैसा गिलाव्याला आणि पडवीला पुरून उरला असता.

चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. ही ओल आतून रंग मारून थांबत नाही, बाहेरूनच थांबवावी लागते. म्हणून माझी सवय सांगतो. काम काढण्याआधी एक पावसाळा भिंत बघायची. ओल दिसली की डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहायची. सप्टेंबरपर्यंत कळतं की पाणी छपरातून येतंय, बाहेरच्या अंगाने येतंय की जमिनीतून चढतंय. तिन्हींची दुरुस्ती वेगळी. इतकं थांबायला कोणी तयार नसतं, पण याला दुसरा मार्ग मला माहीत नाही.

लाकूडकामात प्लायवूडच्या प्रत्येक तक्त्यावर आयएस 710 चा (मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून घ्या. कपाटाचा सांगाडा जमिनीपासून चार इंच वर आणि भिंतीपासून थोडा सुटा ठेवा. सिंकसाठी आणि पाइपसाठी कापलेल्या कडा उघड्या राहतात, पाणी तिथूनच शिरतं, त्या सील केल्याशिवाय सुताराला जाऊ देऊ नका. मला विचाराल तर ओट्याखाली प्लायवूडही नको. कडाप्प्याच्या उभ्या फळ्या आणि अॅल्युमिनियमची दारं दिसायला साधी असतात, पण त्यांना ना ओल लागते ना वाळवी.

दुसरी चूक विजेची. ओटा झाला, टाइल्स लागल्या, मग आठवतं की ओव्हनला 16 अँपिअरचा पॉइंट हवा होता. मग नव्या टाइल्स फोडायच्या. मी घरच्यांना कागद देतो आणि मिक्सर, वेट ग्राइंडर, फ्रिज, ओव्हन, वॉटर फिल्टर असं सगळं जागेसकट लिहून घेतो. तो कागद मिळाल्याशिवाय गवंडी छिन्नी उचलत नाही. वेट ग्राइंडरला ओट्यापेक्षा बुटकी जागा करा, रोज खोबरं वाटणाऱ्या माणसाचे खांदे वाचतील.

ओट्याची उंची कॅटलॉगवरून घेऊ नका. जो रांधतो त्याला उभं करा, कोपरापासून चार ते सहा इंच खाली खूण करा.

मासळी साफ करायला मागल्या दारी वेगळं सिंक हवंच. खवले आतल्या पाइपात गेले की सिंकखालचा बाटली ट्रॅप (पाणी अडवून ठेवणारा बाटलीसारखा भाग) उघडत बसावं लागतं.

चिमणीचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी शेगडीवर येईल. चिऱ्यात साधे प्लास्टिकचे प्लग धरत नाहीत, जड चिमणी किंवा वरची कपाटं लटकवण्याआधी आधार काँक्रीटमध्ये मिळतोय का ते तपासा.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी स्टीलच्या जाळ्या, बिजागऱ्या 304 ग्रेडच्याच घ्याव्यात, 202 खाऱ्या हवेत लवकर गंजतं. 304 वरही डाग पडतात, ते गोड्या पाण्याने पुसत राहायचं.

आणि सिलिंडर. दार नीट बसावं म्हणून तो आडवा ठेवलेला मी पाहिला आहे, हे कधीही करू नका. सिलिंडर उभाच हवा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी ठेवा. सुतार म्हणेल की जाळीने दाराची शोभा जाते. त्याचं ऐकू नका.