शेजाऱ्याची उंच हेज: इंग्लंडमध्ये घर असेल तर या चुका टाळा

इंग्लंडमध्ये घर घेतलं की चार-पाच उन्हाळ्यांत शेजाऱ्याच्या हेजचा, म्हणजे झाडाझुडपांच्या कुंपणाचा, विषय कधीतरी निघतोच. पलीकडची लेलँडिआय या सदाहरित, सुचिपर्णी झाडांची रांग वर्षाला तीन फुटांपर्यंत वाढू शकते. मग एका जूनमध्ये लक्षात येतं, की दुपारनंतर आपल्या बागेत ऊनच नाही आणि टोमॅटो हिरवेच राहिलेत. अशा वेळी आपली माणसं एक तर भिडेखातर वर्षानुवर्षं गप्प बसतात, नाहीतर भडकून थेट कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) फोन लावतात. दोन्हींत नुकसान आपलंच.

“दोन मीटरच्या वर गेली म्हणजे बेकायदा”

सगळ्यात पसरलेला गैरसमज हाच. लाकडी कुंपण किंवा भिंत दोन मीटरपेक्षा उंच करायची तर प्लॅनिंग परमिशन लागते. तोच नियम लोक हेजला लावून मोकळे होतात. हेजच्या उंचीला अशी कमाल मर्यादा नाही. 2003 च्या समाजविघातक वर्तनविरोधी कायद्याचा आठवा भाग इंग्लंडमध्ये जून 2005 पासून लागू आहे. तो एवढंच म्हणतो, की दोन मीटरच्या वरच्या हेजबद्दल कौन्सिलकडे तक्रार करता येते. (वेल्समध्ये हाच कायदा आहे, स्कॉटलंडचा मात्र वेगळा, 2013 चा.)

त्यातही अटी आहेत. झाडं सदाहरित किंवा निमसदाहरित हवीत, दोन किंवा जास्त एका ओळीत हवीत, आणि त्यांच्यामुळे तुमच्या घराच्या किंवा बागेच्या वापरात खरोखर अडथळा यायला हवा. लेलँडिआय, लॉरेल, प्रिव्हेट यांत बसतात. बीच या पानगळीच्या झाडाची हेज बसत नाही, मग तिची वाळकी पानं हिवाळाभर लटकत का असेनात. एकटं झाड, बांबू, आयव्हीचा वेल यांवरही हा कायदा चालत नाही. मुळांनी पाया उचकटला तर तो वेगळा दावा. आणि उंची मोजायची ती हेज ज्या जमिनीत उभी आहे तिथून, तुमच्या खोलगट पॅटिओवरून नाही.

टेप न लावता फी भरणं

तक्रारीची फी प्रत्येक कौन्सिल स्वतः ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ती काहीशे पौंड असते आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तरी सहसा परत मिळत नाही. म्हणून आधी हिशेब करा. उजेडाच्या बाबतीत कौन्सिलचे अधिकारी बहुतेक वेळा एक ठरलेली पद्धत वापरतात. खिडकीसमोर हेज असेल, तर दोघांतल्या अंतराचं निम्मं करून त्यात एक मीटर मिळवायचा; त्याहून उंच हेज उजेड अडवते असं धरतात. अंतर सहा मीटर असेल तर उत्तर चार मीटर. हेज साडेतीन मीटरची असेल, तर खिडकीच्या उजेडाचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. बागेच्या दक्षिण टोकाला आडवी हेज असेल तर बागेच्या खोलीचा पाव हिस्सा धरायचा, म्हणजे बारा मीटरच्या बागेला तीन मीटर. उतार असेल, हेज कुंपणापासून आत असेल, तर आकडे बदलतात. पण अंदाज यायला एवढं पुरतं.

वाट बघत बसणं

याची किंमत कुणी मोजत नाही. कौन्सिलने नोटीस काढली तरी ती हेज उपटायला लावू शकत नाही, दोन मीटरच्या खालीही आणायला सांगू शकत नाही. झाडं मरतील अशी छाटणीही सांगता येत नाही. आणि लेलँडिआय तपकिरी, जुन्या लाकडापर्यंत कापली की पुन्हा फुटत नाही. त्यामुळे तीन मीटरची हेज खाली आणणं सोपं. आठ मीटरची झाल्यावर कायद्याने जे मिळेल ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही. भीड बाळगायची असेल तर पहिल्या दोन उन्हाळ्यांपुरतीच बाळगा.

हातात करवत घेणं

तुमच्या हद्दीत आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत कापायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यासाठी पूर्वसूचनाही लागत नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठरलेलं आहे. तरी सांगूनच कापा. शेंडा तुमच्या हद्दीत नसतो, तेव्हा शिडीवरून वाकून उंची कमी करणं म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान. कापलेल्या फांद्या (आणि असलीच तर फळं) मालकाच्या. त्यांना हव्यात का विचारा, नको म्हणाले तर विल्हेवाट तुम्ही लावा. पलीकडे फेकू नका.

त्याआधी कौन्सिलच्या साइटवर दोन गोष्टी बघा: त्या झाडांवर संरक्षण आदेश आहे का, आणि घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जतन करायच्या जुन्या परिसरात) येतं का. आदेश असेल तर परवानगी, कॉन्झर्व्हेशन एरियात जाड बुंध्याच्या झाडांसाठी सहा आठवड्यांची आगाऊ सूचना. घरटं वापरात असेल तर हात लावू नका, तो गुन्हा आहे. मार्च ते ऑगस्ट टाळलेलं बरं.

हद्द कुठली हे ठरवताना “डावीकडचं कुंपण आपलं” हेही ऐकीवच. लँड रजिस्ट्रीचा (जमिनीच्या सरकारी नोंदणीचा) नकाशा हद्द ढोबळमानानेच दाखवतो; जुने दस्त बघा.

पुरावा न ठेवणं

बोलून मिटवायचा पुरेसा प्रयत्न केला नसेल तर कौन्सिल तक्रार परत पाठवू शकतं. आधी दारावर जाऊन बोला. मग तारीख टाकून साधं, न चिडलेलं पत्र: किती उंची चालेल, कधीपर्यंत, खर्चात वाटा द्यायला तयार आहात का. तेही फळलं नाही तर मध्यस्थ. प्रत, फोटो, उत्तरं जपून ठेवा. माझ्या मते छाटणीच्या खर्चात निम्मा वाटा देऊ करणं हे बऱ्याचदा फीपेक्षा स्वस्त पडतं, आणि हेजचे मालक वयस्क असतील तर अडचण खर्चाचीच असते, हट्टाची नसते.

निकालावर 28 दिवसांत अपील करता येतं, दोन्ही बाजूंना. नोटीस न पाळल्यास 1000 पौंडांपर्यंत दंड होतो, आणि घर विकलं तरी ती नोटीस नव्या मालकावर लागू राहते. उद्या तुम्ही स्वतःचं घर विकायला काढाल तेव्हा विक्रीच्या फॉर्मवर शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी लिहाव्या लागतात. ते लपवलं तर घर घेणारा नंतर भरपाई मागू शकतो.