पिल्लाची ॲजिलिटी सुरू करताना या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत किंवा खारघर, सीवूड्सच्या बागांत संध्याकाळी चक्कर मारली की हमखास दिसतं: पिल्लू घरी येऊन दोन महिने झालेले नसतात आणि त्याच्यापुढे काठी आडवी धरलेली असते. "उड्या कधीपासून शिकवू?" हाच सगळ्यांचा पहिला प्रश्न. ॲजिलिटी म्हणजे कुत्र्याला उड्या, बोगदे, फळ्या अशा अडथळ्यांतून नेण्याचा खेळ. त्याची तयारी पिल्लू आठ आठवड्यांचं असताना घरात सुरू करता येते, आणि करावीच. उडी मात्र सगळ्यात शेवटी.

हाडं पक्की होण्याआधी उड्या

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा पट्टा असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे कूर्चा असते आणि ती भोवतालच्या स्नायुबंधांपेक्षाही नाजूक असते. मोठ्या कुत्र्याचा पाय जिथे नुसता मुरगळेल, तिथे पिल्लाचा हा पट्टा दुखावतो, आणि वाढ एका बाजूने थांबली तर पाय वाकडा होतो. हे पट्टे छोट्या जातींत साधारण ८ ते १० महिन्यांत, मध्यम जातींत वर्षभरात आणि लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्डमध्ये १४ ते १८ महिन्यांत बंद होतात. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ॲजिलिटी स्पर्धेत १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला प्रवेशच नाही.

एका सोसायटीच्या पोडियमवरचा सहा महिन्यांचा गोल्डन घ्या. दोन कुंड्या, त्यांवर सुतळीने घट्ट बांधलेला झाडूचा दांडा, खाली पेव्हर ब्लॉक. रील मनासारखी होईपर्यंत रोज उड्या. काही दिवसांनी तो झोपेतून उठला की पुढचा डावा पाय जपून टेकायला लागला. दहा-बारा पावलं चालला की चाल सरळ व्हायची, म्हणून घरच्यांना वाटलं, आखडला असेल. उड्या चालूच राहिल्या. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा कोपराच्या सांध्यात दोष निघाला. हा दोष या जातीत पुष्कळदा आनुवंशिक असतो, उड्यांनी तो निर्माण केला असं कुणी म्हणणार नाही, पण चिघळवला नक्की. मग कित्येक आठवडे फक्त गळ्यातला पट्टा धरून, सावकाश चालणं.

यात तीन चुका एकावर एक रचलेल्या आहेत. उडीनंतर सगळा भार पुढच्या पायांवर उतरतो आणि पेव्हर ब्लॉक तो जराही झेलत नाही. बांधलेला दांडा पडत नाही, त्यामुळे पाय अडकला की पिल्लू तोंडावर आपटतं. उडीचा आडवा दांडा, म्हणजे बार, नेहमी हलक्या धक्क्याने खाली पडेल असाच ठेवायचा. आणि उठताना लंगडणं, चालल्यावर बरं वाटणं ही सांध्याच्या दुखण्याची नेहमीची खूण आहे. ती दिसली की त्याच दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे.

उडीऐवजी काय? हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाचे पीव्हीसी पाइप आणा, मीटरभराचे चार-पाच तुकडे करून घ्या. ते जमिनीवर, पिल्लाच्या खांद्याच्या उंचीइतक्या अंतराने आडवे मांडा आणि त्याला त्यांवरून चालवा. पळवायचं नाही. चारही पाय कुठे पडतात हे ते शिकतं, आणि पुढे उडीत हेच लागतं. सहा महिन्यांनंतर पाइप पुढच्या पायाच्या मनगटाएवढ्या उंचीवर नेला तरी पुरे. पी हळद नि हो गोरी हा प्रकार इथे चालत नाही.

"वर्षाचं झालं की बघू"

ही उलटी चूकही तितकीच महाग पडते. वर्षभर नुसतं लाडावलेलं कुत्रं मैदानात आलं की मालकाकडे बघतच नाही. नावाला वळून बघणं, हाक मारली की येणं, बादलीला वळसा घालणं, उलट्या ठेवलेल्या परातीवर पुढचे पाय ठेवून मागचे पाय गोल फिरवणं, सांगेपर्यंत जागेवर थांबणं, हे सगळं हॉलमध्ये होतं. फक्त गुळगुळीत टाइल्सवर नको. योगा मॅट किंवा रबरी मॅट अंथरा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीनदा. उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे, आणि तेवढं रोजच्या जेवणातून वजा करा.

लसी साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर बागेतल्या मातीत सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पण कडेवर घेऊन स्टेशनचा गोंगाट, रिक्षा, लिफ्ट, ढोल-ताशा लांबून जरूर दाखवा.

ढकलणं

टनेलमध्ये, म्हणजे बोगद्यात, मागून ढकलणं आणि सी-सॉच्या वरखाली होणाऱ्या फळीवर उचलून ठेवणं याचा मला फार राग येतो. एकदा घाबरलेलं पिल्लू त्या अडथळ्याकडे महिनोन्महिने फिरकत नाही. मुलांचा कापडी टनेल दाबून अर्ध्या मीटरचा करा, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावा, कारण तो लोळला की पिल्लू बिचकतं. एकाने पिल्लाला धरावं, दुसऱ्याने पलीकडून वाकून तोंड दाखवावं. ते आपणहून दोन-चारदा आलं की हात-दोन हात लांबवा. वळण सगळ्यात शेवटी.

सी-सॉचं भय उंचीपेक्षा आवाजाचं आणि पायाखालून फळी सरकण्याचं असतं. म्हणून फळीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, एक टोक जेमतेम बोटभर हलेल इतकंच. पिल्लाने स्वतः पंजा आपटून 'ठक्' करावं आणि त्यावर खाऊ मिळावा. आवाज त्यानेच काढला की भीती राहत नाही. मग टॉवेल काढून वीट.

बाकीच्या, थोडक्यात

खाऊ हातात नाचवत पाइपवरून नेऊ नका. डोकं वर राहतं, पाय दिसत नाहीत. खाऊ पुढे दीड-दोन मीटरवर जमिनीवर टाका.

"जंप, जंप, जंप" नको. शब्द एकदाच.

वीव्ह पोलमधलं, म्हणजे ओळीने रोवलेल्या खांबांमधलं, पूर्ण वळणावळणाचं पळणंही हाडं पक्की झाल्यावरच. तोवर मधली वाट रुंद ठेवून सरळ चालू द्या.

चार ते सहा महिन्यांत दात बदलतात. तेव्हा दोरीची ओढाओढ हलकी, मऊ कापडाने.

नखं वाढलेली असली की पकड सुटते.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा. हाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद टेकवत नसेल तर पिल्लाचे पंजेही टिकणार नाहीत. पावसाळ्यात पोडियमवर शेवाळ धरतं, तिथे पळवू नका, आणि लॉनवरून आलं की बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या मागे गोचीड तपासा.

मोकळी जागा म्हणून येऊरला नेऊन पट्टा सोडणारे आहेत. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबटे आहेत. तिकडे नेऊच नका.

बार वर न्यायच्या आधी डॉक्टरांकडून कोपर, खुबा आणि ग्रोथ प्लेट तपासून घ्या, मोठ्या जातीत एक्स-रे काढूनच. मग एका वेळी ५ सेंटिमीटर वाढवायचे, गवतावर किंवा मातीत, एका दिवसात दहाच्या आत उड्या आणि मध्ये एक दिवस सुट्टी. बार दोनदा पडला की पुन्हा आधीच्या उंचीवर.