समुराईतल्या १.९ टीडीआयला कंपाउंड टर्बो बसवायचा असेल तर

मी डेन्व्हरला राहतो, गाडी सुझुकी समुराई, म्हणजे आपल्या जिप्सीची आखूड बहीण, आणि तिच्यात फोक्सवॅगनचं १.९ टीडीआय डिझेल इंजिन टाकलंय, एएलएच कोडचं, जे इथे अमेरिकेत २००३ पर्यंतच्या जेटा-गोल्फमध्ये यायचं. १८९६ सीसी, कंपनीतून ९० हॉर्सपॉवर आणि २१० न्यूटन मीटर. समुराईचं मूळ १.३ पेट्रोल जेमतेम साठ-पासष्ट हॉर्सपॉवरचं, त्यामुळे नुसता स्वॅप केला तरी गाडी बदलल्यासारखी वाटते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी तिथेच थांबावं.

मग मी का नाही थांबलो, तर घाट. डेन्व्हरच मुळात ५,२८० फुटांवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला असतो त्याच्या साधारण ८३ टक्के, आणि आय-७० हायवेने पश्चिमेला निघालात की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढत चढत ११,१५८ फुटांवर जाता, तिथे दाब उरतो अंदाजे ०.६६ बार. त्या चढाला मागे सामान आणि समोरून वारा असला की एकटा छोटा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, जीव तोडून फिरतो, हवा पातळ म्हणून त्याला तेवढाच बूस्ट, म्हणजे जादा दाब, द्यायला जास्त आरपीएम लागतात, हवा तापते, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि आपण पाय उचलतो. कंपाउंडचा, म्हणजे एकामागे एक लावलेल्या दोन टर्बोंचा, फायदा हाच आहे की कष्ट दोघांत वाटले जातात.

तुम्ही मुंबई-पुण्यात असाल, समुद्रसपाटीच्या जवळपास चालवत असाल आणि दीडशे हॉर्सपॉवर पुरत असेल तर एक चांगला व्हीएनटी१७ वर्गातला (टर्बाइनच्या पात्या हलणारा) टर्बो लावा, कंपाउंडच्या नादी लागू नका. आणि महाराष्ट्रातल्या मंडळींनी हेही लक्षात घ्या की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल करू देत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, त्यामुळे आधी आरटीओत विचारा, मग ग्राइंडर हातात घ्या. अमेरिकेतही रस्त्यावरच्या गाडीचं एमिशनचं सामान काढणं बेकायदा आहे, आपल्या काउंटीत काय चालतं ते इंजिन विकत घेण्याआधी बघा.

आता मूळ कल्पना. हवा आधी मोठ्या टर्बोत जाते, तिथून दाबलेली हवा छोट्या टर्बोत जाते, मग इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा), मग इंजिन. एक्झॉस्ट बरोबर उलटा, इंजिनातून आधी छोट्याच्या टर्बाइनवर (एक्झॉस्टने फिरणारं चाक), तिथून मोठ्याच्या टर्बाइनवर, मग सायलेन्सर. आणि इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात ती गोष्ट म्हणजे दोघांचे बूस्ट बेरजेने वाढत नाहीत, दोघांचे प्रेशर रेशो एकमेकांना गुणले जातात, आणि हा रेशो अ‍ॅब्सोल्यूट दाबावर काढायचा, म्हणजे गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवून, नुसत्या गेजवर दिसतो त्या आकड्यावर नाही. मोठ्याने दुप्पट केला, छोट्याने पुन्हा दुप्पट केला, की झाला चौपट.

माझा हिशोब असा होता. साधारण २०० हॉर्सपॉवर हवे, धूर न काढता. त्याला ४,००० आरपीएमला इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, ३.२ बार अ‍ॅब्सोल्यूट धरला, हवा ६० अंशांपर्यंत थंड केलेली. १.९ लिटर इंजिन त्या वेगाला मिनिटाला साधारण ३.३ घनमीटर ओढतं (भरण्याची कार्यक्षमता ८८ टक्के धरून), म्हणजे वजनात ११ किलो हवा, मॅपवर, म्हणजे टर्बो किती हवा किती रेशोला देतो त्या तक्त्यावर, वाचायला सोपं जावं म्हणून सुमारे २५ पाउंड प्रति मिनिट. डेन्व्हरला बाहेरचा दाब ०.८३, म्हणजे एकूण रेशो ३.२ भागिले ०.८३, जवळपास ३.९. बोगद्यापाशी तोच आकडा ४.८ च्या पुढे जातो. ३.९ चं वर्गमूळ दोनच्या जरा खाली, ४.८ चं २.२, म्हणजे दोन्ही टर्बो आपापल्या मॅपच्या आरामाच्या भागात राहतात. हाच ४.८ एका छोट्या टर्बोकडून मागून बघा, मॅपच्या बाहेरच जाल.

टर्बो निवडताना मोठा आधी निवडा. त्याला सगळी २५ पाउंड हवा बाहेरच्या पातळ दाबावर गिळायची असते, त्यामुळे मॅपवर बघताना तो आकडा करेक्टेड करून, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाच्या मापात बदलून, ३० च्या आसपास धरा आणि रेशो २ ला तो ठिपका मॅपच्या मध्यभागी पडतोय का ते पाहा. मित्सुबिशीचा टीडी०५ १६जी, होल्सेटचा एचएक्स३०, हे त्या मापाचे, आणि जुने सहज मिळतात. छोट्याला आधीच दाबलेली हवा मिळते म्हणून वजन तेवढंच असलं तरी त्याच्यासाठी आकारमान कमी, माझ्या हिशोबात मधे कूलर नसताना १७ पाउंड करेक्टेड आला. इथे के०३ अगदी काठावर बसतो, जीटी१७ वर्ग बरा. एएलएचचा मूळ टर्बो छोटा म्हणून ठेवता येतो, लोक ठेवतातही, पण त्याचं टर्बाइन हाउसिंग एक्झॉस्ट मॅनिफोल्डबरोबर एकाच ओतीवात आहे आणि त्याच्या पात्या मोठ्या टर्बोच्या तालावर नाचवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. पहिल्यांदा करत असाल तर वेगळं मॅनिफोल्ड घ्या, पात्या न हलणारा साधा टर्बो घ्या.

वेस्टगेट. यावर मी जरा जास्त बोलणार कारण माझे दोन महिने इथेच गेले. छोट्या टर्बाइनला वळसा घालणारं वेस्टगेट लागतंच, आणि मोठं लागतं, मी बाहेरून लावायचं ३८ मिलिमीटरचं वापरलं, कारण छोट्याच्या आतलं पोळीसारखं झाकण एवढ्या एक्झॉस्टला पुरत नाही आणि ड्राइव्ह प्रेशर (टर्बाइनच्या आधी साचलेला एक्झॉस्टचा दाब) वाढला की आपोआप उघडतं. या वेस्टगेटमधून सुटलेला एक्झॉस्ट छोटा आणि मोठा यांच्या मधल्या पाइपात, मोठ्याच्या टर्बाइनच्या आधी, सोडायचा. मी वेल्डिंगचं काम एका दुकानात दिलं होतं, त्यांनी नेहमीच्या सवयीने ते थेट डाउनपाइपला, म्हणजे मोठ्या टर्बोच्या पुढे सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपाला, जोडून दिलं आणि मीही घाईत बघितलं नाही. गाडी चालायची, बूस्ट दिसायचा, पण वेस्टगेट उघडलं की मोठ्याला जेवणच मिळेना, तो झोपलेला आणि सगळा भार छोट्यावर. अंतिम बूस्टचा गेज बघून मला वाटायचं सगळं ठीक आहे.

मधल्या पाइपावर दुसरा गेज लावला तेव्हा कळलं. मधे ०.२ बार आणि शेवटी २.२ बार. म्हणजे मोठ्याने १.०३ अ‍ॅब्सोल्यूट दिला आणि छोट्याने तो ३.०३ केला, रेशो २.९, दोनऐवजी. असा महिनाभर चालवला असता तर छोट्याचा शाफ्ट गेलाच असता. पाइप कापून परत जोडल्यावर डेन्व्हरला मधे ०.८ आणि शेवटी २.३ च्या आसपास दिसायला लागलं, हिशोबाला धरून. त्यामुळे माझं ठाम मत आहे, दोन्ही टर्बोंच्या मधला गेज नसेल तर गाडी सुरूच करू नका. त्याच्याबरोबर एक्झॉस्ट तापमानाचा प्रोब छोट्या टर्बाइनच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, आणि ड्राइव्ह प्रेशरचा गेज, तो थेट मॅनिफोल्डला न लावता मीटरभर स्टीलच्या नळीची गुंडाळी करून त्यापुढे, नाहीतर गेज जळतो. ड्राइव्ह प्रेशर बूस्टच्या दीडपटीच्या वर जायला लागला की समजा छोटं टर्बाइन गुदमरतंय, वेस्टगेट अजून लवकर उघडा. वेस्टगेटची नळी अंतिम बूस्टवरून घ्या आणि स्प्रिंग त्या हिशोबाने कडक, पेट्रोल गाड्यांच्या किटमधली मऊ स्प्रिंग चालत नाही.

उष्णता लोक विसरतात. बाहेर २० अंश असताना, कॉम्प्रेसर (टर्बोतलं हवा दाबणारं चाक) ७० टक्के कार्यक्षम धरला तर मोठ्यातून हवा ११० अंशांना निघते आणि मधे थंड न करता छोट्यात गेली तर बाहेर येताना २३० च्या आसपास. साधी सिलिकॉन होज तिथे टिकत नाही, माझी फाटली, चढावर, एकदम काळा धूर आणि तापमानाचा काटा वर. आता छोट्यापासून इंटरकूलरपर्यंत धातूचा पाइप, सांध्याला फक्त आखूड तुकडा, पाइपाच्या टोकाला कड उठवलेली आणि टी-बोल्ट क्लॅम्प. दोघांच्या मधे पाण्याचा छोटा कूलर घालून हवा ५० ला आणली तर शेवटी १५० च निघते, फरक खूप मोठा आहे, पण समुराईच्या बॉनेटखाली जागा काढणं अवघड म्हणून मी तो घातला नाही, त्याऐवजी पुढचा इंटरकूलर मोठा घेतला. जागा असेल तर घाला. या इंजिनाचं इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्यामुळे दोन्ही टर्बो, सगळे पाइप, वेस्टगेट असा सगळा संसार एकाच बाजूला येतो, म्हणून वेल्डिंगच्या आधी पुठ्ठा आणि पीव्हीसी पाइपाने पूर्ण मांडणी करून बघा, स्टीअरिंगचा शाफ्ट आणि ब्रेकचा बूस्टर कुठे अडतो ते बघा, ब्रेकच्या नळ्या गरम पाइपापासून लांब.

ऑइलच्या दोन पुरवठा नळ्या, दोन परतीच्या. परतीची नळी आतून १६ मिलिमीटरच्या खाली नको, उतार सरळ खाली, संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी. मधे कुठेही पोट नको. छोट्या टर्बोच्या दोन्ही बाजूंना दाब असतो, क्रँककेसचा श्वास नीट नसेल तर त्याच्या सीलमधून ऑइल यायला लागतं आणि लोक टर्बोला दोष देतात.

इंजिनात काय करावं लागतं? हेड बोल्ट मूळचे एकदा ताणले की टाकून द्यायचे प्रकारातले आहेत, त्यांच्याऐवजी स्टड घाला. कॉम्प्रेशन १९.५, हेड गॅस्केट तीन जाडीत येते, एक, दोन, तीन छिद्रांची, तीन छिद्रांची सगळ्यात जाड १.६१ मिलिमीटरची, मी ती वापरली, थोडंसं कॉम्प्रेशन उतरतं आणि थंडीत सुरू व्हायला त्रास होत नाही. खरी भीती कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची. कंपाउंडमुळे बूस्ट १,८००-२,००० आरपीएमलाच यायला लागतो आणि तिथे पूर्ण डिझेल दिलं तर सिलिंडरमधला दाब इतका चढतो की रॉड वाकतो, वर ४,००० ला तेवढंच डिझेल सहज सोसतं. म्हणून २,२०० च्या खाली डिझेल मुद्दाम कमी ठेवायचं, पायाला मजा थोडी कमी येईल, येऊ दे. पैसे असतील तर फोर्ज्ड रॉड घाला आणि तरीही खाली कमीच ठेवा.

डिझेलचा पंप मूळचा इलेक्ट्रॉनिक ठेवणार असाल तर मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, वरच्या तक्त्याशी संबंध नाही) २.५ बारचा आहे, ३.२ त्याला दिसणारच नाही, ४ बारचा लावून ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) स्केल बदलावं लागतं. इथल्या ऑटोमॅटिक गाड्यांना ११ मिलिमीटरचा पंप यायचा, मॅन्युअलला १० चा, ११ चा शोधा. डिझेल फवारणारे नोझल मोठे घ्या पण टर्बो नीट चालायला लागल्यावर, आधी नाही.

गिअरबॉक्सचंही बघा कारण समुराईचा मूळ गिअरबॉक्स एवढ्या टॉर्कसाठी बनलेलाच नाही. साध्या टीडीआयला सांभाळून चालवला तर चालतो, कंपाउंडला टोयोटाचा गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल हा इथला नेहमीचा मार्ग आहे, आणि तो खर्च टर्बोंच्या आधी करा.

पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद ठेवून स्टार्टरने फिरवा, दोन्ही परतीच्या नळ्यांतून ऑइल येताना दिसलं पाहिजे. त्याआधी सगळ्या इनटेकला तोंड बंद करून दीड बार हवा भरा, साबणाचं पाणी फिरवा. मग कमी डिझेलवर, सपाट रस्त्यावर, दुसऱ्या कोणाला तरी गेज बघायला बसवून. डिझेल थोडं वाढवा, तोच रस्ता, परत आकडे लिहा. एक्झॉस्ट लांब चढावर ७०० अंशांच्या वर राहत असेल तर डिझेल कमी करा, थोड्या क्षणांसाठी ७५० चालतं, त्याच्या वर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे हे आठवा. मधला आणि अंतिम दोन्ही दाब अ‍ॅब्सोल्यूट करून दर वेळी भागाकार करा, छोट्याचा रेशो २.३ च्या वर जायला लागला की वेस्टगेट बघा.

चढ उतरून आल्यावर दोन मिनिटं आयडल ठेवा. पहिल्या ५०० मैलांनंतर मॅनिफोल्डचे नट, व्ही-बँड क्लॅम्प आणि मोठ्या टर्बोचा आधार परत आवळा. तो जड टर्बो नुसत्या पाइपावर लटकत ठेवायचा नाही, ब्रॅकेट इंजिनलाच बांधा, चेसीला नाही, नाहीतर इंजिन हललं की मधल्या पाइपाचं वेल्डिंग फुटतं.