शंकू कापताना या चुका टाळा

चतुर्थीनंतर आमच्या फोंड्यात गणपतीच्या चित्रशाळेतून उरलेली चिकणमाती मी मागून आणतो. शिकवणीला येणाऱ्या अकरावीच्या मुलांनी शंकुच्छेद, म्हणजे शंकू सपाट कापल्यावर मिळणारे आकार, आधी हातांनी कापावेत, समीकरणं नंतर. माती थोडी सुकू द्या. ओला शंकू दोऱ्याने कापताना बसतो आणि सगळंच बिघडतं.

तिरका छेद घेतला की बहुतेक मुलं सांगतात, आकार अंड्यासारखा. शंकू खाली रुंद होत जातो, मग छेदही खाली रुंद असणार! जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ सालच्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात हेच मानलं होतं, तेव्हा मुलांवर रागावू नका. तो आकार लंबवर्तुळच असतो, दोन्ही टोकं अगदी सारखी. गफलत होते ती मध्य ठरवताना. शंकूचा अक्ष, म्हणजे टोकापासून तळाच्या मध्यापर्यंतची सरळ रेषा, छेदाला जिथे भेटतो तिथे टाचणी टोचा आणि पट्टीने मोजा: ती वरच्या टोकाला जवळ असते. तो मध्य नव्हे, नाभीही (लंबवर्तुळाच्या आतल्या दोन खास बिंदूंपैकी एक) नव्हे. खरा मध्य आणखी खाली आहे, आणि सगळ्यात जास्त रुंदी तिथेच भरते. टाचणी टोचल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

पॅराबोला, म्हणजे एका बाजूने उघडा राहणारा वक्र, त्यासाठी छेद शंकूच्या बाजूच्या तिरक्या रेषेला समांतर हवा, अगदी नेमका. दोरा जरा हलला की तो पॅराबोला राहत नाही. लंबवर्तुळाचा छेद तळातून बाहेर पडला तर उरलेला तुकडाही पॅराबोलासारखा दिसतो, म्हणून नजरेवर विसंबू नका, कोनमापक लावा.

हायपरबोला म्हणजे दोन वेगळ्या, उघड्या शाखांचा वक्र. त्याला छेद अक्षाला समांतरच लागतो, हा समज चुकीचा. अक्षाशी छेदाचा कोन बाजूच्या रेषेच्या कोनापेक्षा लहान असला की पुरे. त्याच्या दोन शाखा म्हणजे दोन पॅराबोलाही नव्हेत. हायपरबोलाच्या फांद्या लांब जाताना दोन सरळ रेषांच्या जवळजवळ जात राहतात, पॅराबोलाला अशा रेषा नसतात. मातीच्या एका शंकूत दुसरी शाखा दिसणार नाही, ती टोकाला टोक लावलेल्या दुसऱ्या उलट्या शंकूत असते. त्यासाठी वर-खाली सारखी उघडी शेड असलेला दिवा भिंतीशेजारी उभा ठेवा. भिंतीवर उजेडाच्या दोन्ही कमानी एकदम उमटतात.

आणि दोरा शिरोबिंदूतून, म्हणजे शंकूच्या टोकातून, जाऊ देऊ नका. तिथे वक्र मिळत नाही: एक बिंदू, एक रेषा किंवा एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा, एवढंच.