नंबर दिसल्याशिवाय पुढं जाऊ नका: लिनक्सवरून ॲन्ड्रॉइड फोन अनलॉक करताना

पुतणी बारावीत गेली तेव्हा तिला फोन पाहिजे होता, आणि घरात एक मोटो वन पॉवर कपाटात पडून होता. २०१८ सालचा फोन, ५००० एमएएचची बॅटरी, काच धड, स्पीकर खणखणीत. त्याचं ॲन्ड्रॉइड मात्र १० वर येऊन थांबलेलं. मी दारव्ह्याजवळच्या एका गावात शेती करतो आणि ओसरीत मोबाइल दुरुस्तीचं टेबल लावून बसतो. तो फोन मी लॅपटॉपच्या लिनक्सवरून अनलॉक केला, म्हणजे त्याचा बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्रॅम) उघडला, आणि त्यावर लिनिएजओएस ही ॲन्ड्रॉइडवरच बांधलेली मोफत सिस्टिम टाकली. आज पुतणीचा अभ्यास त्याच्यावरच चालतो. ते कसं केलं, हे इथं सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो. कमांड मी मराठी अक्षरात लिहितोय, मित्राला फोनवर सांगतो तशा. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाका. एडीबी म्हणजे तीन अक्षरं, फास्टबूट हा सलग एक शब्द. दोन्ही कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायची टूल आहेत: एडीबी चालू फोनशी बोलतं, फास्टबूट बूटलोडरशी.

सुरुवात करण्याआधी फोन या कामाचा आहे का, ते पाहा. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनला कंपनीच्याच वेबसाइटवरून अनलॉकचा कोड मिळतो. गुगलच्या पिक्सेलला, फोन एखाद्या सिम कंपनीशी बांधलेला नसेल तर, कोडही लागत नाही. शाओमीचं अधिकृत अनलॉक टूल विंडोजवर चालतं आणि तिथं थांबायची मुदत असते. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतंच. तिथं डाउनलोड मोड असतो, लिनक्सवर त्यासाठी हाइमडाल नावाचं टूल वापरतात, आणि नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षेचा फ्यूज एकदा उडाला की परत बसत नाही. विवो-ओप्पोच्या बहुतेक फोनला अनलॉकची परवानगीच मिळत नाही. मग लिनिएजच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलचं पान आहे का ते शोधा. तिथं प्रत्येक मॉडेलला एक सांकेतिक नाव असतं, मोटो वन पॉवरचं ‘शेफ’. ते नाव वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या मॉडेलची फाइल टाकली तर फोन बंद पडू शकतो, आणि मोटोमध्ये एकसारख्या नावाचे फोन ढीगभर आहेत.

ज्या फोनवर तुमचे पैशाचे व्यवहार चालतात, त्याला हात लावू नका. बूटलोडर उघडा आहे हे बँकेच्या आणि यूपीआयच्या अनेक ॲपना कळतं आणि ती चालायला नकार देतात. हे काम दुसऱ्या, जुन्या फोनवरच करायचं.

आणि खरं सांगू का, माझ्या टेबलावर येणाऱ्या दहातल्या सात जणांना अनलॉकची गरजच नसते. फोन मंद झालेला असतो तो कंपनीने आधीपासून भरलेल्या ॲपमुळं. ती बूटलोडर न उघडताही काढता येतात. त्यासाठीही केबल, एडीबी आणि यूएसबी डीबगिंग लागतं, ते खाली सांगितलंय. ‘एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस’ टाकलं की सगळ्या ॲपची खरी नावं दिसतात. मग ‘एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल डॅश डॅश युजर शून्य’ आणि पुढं त्या ॲपचं नाव. ॲप फोनमधून पूर्ण पुसलं जात नाही, फक्त तुमच्या खात्यातून निघतं, आणि फॅक्टरी रीसेट केला की परत येतं. एकेक काढा, प्रत्येक वेळी फोन बंद-चालू करून पाहा. कशाचं नाव ओळखू आलं नाही तर ते राहू द्या. एवढ्यावर काम भागत असेल तर इथंच थांबा.

आता पुढं जाणाऱ्यांसाठी.

लॅपटॉप जुना असला तरी चालतो. माझा चार जीबी रॅमचा आहे, त्यावर लिनक्स मिंट एक्सएफसीई आहे. इन्स्टॉल करायचं नसेल तर पेनड्राइव्हवरून चालू करूनही हे सगळं होतं, फक्त बॅकअप त्या पेनड्राइव्हवर किंवा तात्पुरत्या डेस्कटॉपवर ठेवू नका, बंद केलं की उडेल. डेस्कटॉप कॉम्प्युटरवर हे काम करायला मी मना करतो, कारण लाइन कधी जाईल याचा नेम नाही. फाइल फोनमध्ये लिहिली जात असताना लाइन गेली तर फोन अर्धवट राहतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली, फोनची साठ टक्क्यांच्या वर, आणि मे महिना असेल तर काम पहाटे. दुपारी आमच्या टिनाखाली फोन हातात धरवत नाही.

केबलकडे दुर्लक्ष करू नका. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. आणि आपल्याकडं आणखी एक भानगड असते. वेचणीच्या दिवसांत फोन खिशात असतो आणि कापसाचे तंतू चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतात. वर्षभरात त्यांचा धुळीसकट घट्ट नमदा होतो. केबल लावली की लागल्यासारखी वाटते, चार्जिंगही होतं, पण जरा हात लागला की तुटते. या मोटोचंही तसंच होतं. बॅटरीच्या उजेडात खाचेत पाहिलं तर तळाशी राखाडी थर. फोन बंद केला, झाडूची बारीक काडी घेतली आणि कडेकडेनं उकरलं. टाइप-सी खाचेत मधोमध एक पातळ पट्टी असते, तिला धक्का लागू द्यायचा नाही. सुई, टाचणी, स्क्रूड्रायव्हर अजिबात नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी कापसाची गोळी निघाली. त्यानंतर केबल ‘टक्’ करून बसली. तो आवाज आला की समजायचं, आता बरोबर लागली.

लॅपटॉपला निळं आणि काळं अशी दोन्ही यूएसबी असतील तर काळं वापरा. निळ्या यूएसबी-३ वर काही फोनचं फास्टबूट अडखळतं.

लिनक्सवर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ करा. मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एडीबी फास्टबूट’, आणि त्याच ओळीत ‘ॲन्ड्रॉइड डॅश एसडीके डॅश प्लॅटफॉर्म डॅश टूल्स डॅश कॉमन’ हे पॅकेजही टाका. त्यात यूडेव्हचे नियम असतात. कोणत्या कंपनीच्या फोनशी बोलायची परवानगी आहे, हे लिनक्सला त्यातून कळतं. हे राहून गेलं की पुढं ‘नो परमिशन्स’ असा मेसेज येतो आणि माणूस उगाच फोनला दोष देतो. ड्रायव्हर शोधत बसायचं काम इथं नाही, म्हणून मी लिनक्स धरून आहे.

फोनमध्ये सेटिंग, अबाउट फोन, बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारा. डेव्हलपर ऑप्शन उघडतात. तिथं यूएसबी डीबगिंग चालू करा आणि ओईएम अनलॉकिंगही. हे दुसरं बटण फिकं दिसत असेल तर सिम टाकून इंटरनेट चालू ठेवा. काही फोनमध्ये दिवस-दोन दिवस थांबावंही लागतं.

केबल लावून ‘एडीबी डिव्हायसेस’ टाका. फोनवर परवानगी विचारणारी खिडकी येईल, ती मान्य करा. आता टर्मिनलमध्ये फोनचा नंबर आणि त्यापुढं ‘डिव्हाइस’ असा शब्द दिसला पाहिजे. ‘अनऑथराइज्ड’ दिसलं तर फोनवरची खिडकी राहिली आहे. काहीच दिसलं नाही तर केबल किंवा खाच. नंबर दिसेपर्यंत पुढची कमांड टाकू नका. ओल किती आहे हे पाहिल्याशिवाय आपण तिफण जुपत नाही, तसंच.

आता बॅकअप. अनलॉक होताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. फोन अनलॉक करून कोणी त्यातली माहिती काढू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी शेजारच्या काकाजींचा फोन घाईत अनलॉक केला. ‘काही नाही त्याच्यात’ असं ते म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. संध्याकाळी फोन द्यायला गेलो तर ते म्हणाले, ‘अरे, माह्या हरभऱ्याचे फोटो कुठी गेले? गारपिटीचे थे!’ पीक विम्यात तेव्हा नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागायची आणि त्यांचा दुसरा दिवस चालू होता. आम्ही दोघं तेव्हाच बॅटरी घेऊन शेतात गेलो, सकाळी पुन्हा गेलो, नव्यानं फोटो काढले. खबर वेळेत गेली, पण गारा पडलेल्या दिवशी वावर जसं दिसत होतं तसे फोटो परत मिळाले नाहीत. त्या दिवसापासून मी मालकाला शेजारी बसवून गॅलरी उघडून दाखवायला लावतो.

‘एडीबी पुल’ आणि पुढं ‘स्लॅश एसडीकार्ड’ टाकलं की फोनमधल्या फाइली लॅपटॉपच्या चालू फोल्डरमध्ये येतात: फोटो, रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲपचा मीडिया. कॉन्टॅक्ट आणि मेसेज यात येत नाहीत. कॉन्टॅक्ट वेगळे एक्सपोर्ट करा. लॅपटॉपवर आलेले चार-पाच फोटो उघडून पाहा, व्हिडिओ चालवून पाहा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, वहीत लिहा. गुगल खातं सेटिंगमधून काढून टाका, म्हणजे पुसल्यानंतर फोन जुना पासवर्ड मागत अडून बसणार नाही.

फोन स्वतःचा किंवा मालक समोर बसलेला असेल तरच हे करायचं. बिल नाही, पासवर्ड माहीत नाही, असा फोन घेऊन कोणी आलं तर मी हात लावत नाही. संचार साथी पोर्टलवर हरवलेल्या फोनचा आयएमईआय ब्लॉक होतो, आणि आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे.

अनलॉकची कमांड साधी आहे. ‘एडीबी रीबूट बूटलोडर’. फोन काळ्या पडद्यावर येतो. ‘फास्टबूट डिव्हायसेस’ टाका, पुन्हा नंबर दिसला पाहिजे. नंबर दिसला नाही, किंवा पुढच्या कमांडला ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ येऊन थांबलं, तर बहुधा यूडेव्हचे नियम लागलेले नाहीत. केबल काढून परत लावा, नाहीतर कमांडच्या सुरुवातीला ‘सुडो’ जोडा. पिक्सेलला ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ पुरतं. मोटोला ‘फास्टबूट ओईएम गेट अनलॉक डेटा’ टाकायचं, यातल्या शेवटच्या तीन शब्दांमध्ये जागा नाही, खालची रेघ आहे. उत्तरात आकडे-अक्षरांच्या पाच ओळी येतात, प्रत्येकीच्या सुरुवातीला कंसात ‘बूटलोडर’ लिहिलेलं. त्या टेक्स्ट एडिटरमध्ये घ्या, ‘बूटलोडर’ आणि सगळ्या मोकळ्या जागा काढा, पाचही ओळींची एक ओळ करा. एक जागा राहिली तरी वेबसाइट नाकारते. ती ओळ मोटोरोलाच्या अनलॉक पानावर टाकली की कोड ईमेलवर येतो. मग ‘फास्टबूट ओईएम अनलॉक’ आणि पुढं तो कोड, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. फोन पुसला जातो. यापुढं दर वेळी चालू होताना इशाऱ्याचा पडदा दिसेल. तो राहणारच.

लिनिएजची झिप फाइल आणि रिकव्हरी (जिच्यातून सिस्टिम टाकतात तो फोनमधला छोटा प्रोग्रॅम) मी आधीच दारव्ह्यात जाऊन उतरवून ठेवली होती, गावात नेट मध्येच तुटतं. तुटलेलं डाउनलोड ओळखायला ‘एसएचए२५६सम’ ही कमांड (सगळं सलग, मध्ये डॅश नाही) आणि पुढं फाइलचं नाव टाका. येणारी लांबलचक ओळ डाउनलोडच्या पानावरच्या ओळीशी जुळली पाहिजे. शेवटची सहा अक्षरं नका पाहू, पूर्ण पाहा.

मोटो वन पॉवरमध्ये सिस्टिमचे दोन कप्पे असतात, ए आणि बी, आणि रिकव्हरीला वेगळी जागा नसते. म्हणून ‘फास्टबूट फ्लॅश बूट’ आणि पुढं रिकव्हरीच्या फाइलचं नाव. मग आवाजाच्या बटणांनी रिकव्हरी मोड निवडा. कॉपी पार्टिशन्सची झिप (एका कप्प्यातलं दुसऱ्यात उतरवणारी) तुमच्या मॉडेलच्या पानावर सांगितली असेल तर ती आधी. नंतर फॅक्टरी रीसेट, फॉरमॅट डेटा. मग अप्लाय अपडेट, अप्लाय फ्रॉम एडीबी. लॅपटॉपवर ‘एडीबी साइडलोड’ आणि झिपचं नाव.

आकडा चढत जातो आणि ४७ टक्क्यांच्या आसपास थांबतो. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. पण ते तसंच असतं. टर्मिनलमध्ये ‘फेल्ड टु रीड कमांड, सक्सेस’ अशी विचित्र ओळ आली तरी काम झालेलं असतं. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते पाहा, केबल ओढू नका. प्ले स्टोअर पाहिजे असेल तर गुगल ॲपची झिप याच वेळी, पण आधी रिकव्हरीतूनच पुन्हा रिकव्हरीत रीबूट करून. एकदा फोन चालू झाल्यावर टाकायला गेलात तर सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं.

आणि बूटलोडर परत लॉक करू नका. लिनिएज असताना ‘फास्टबूट फ्लॅशिंग लॉक’ किंवा ‘ओईएम लॉक’ टाकलं तर फोन कायमचा बंद पडू शकतो.

चालू झाल्यावर मी ठरलेल्या गोष्टी तपासतो. दोन्ही सिमवरून फोन लावतो, आयएमईआय वहीशी जुळवतो, कॅमेरा, ब्लूटूथ, चार्जिंग. जीपीएस घरात तपासत नाही. पुतणीला घेऊन विहिरीजवळ गेलो, मोकळ्या आभाळाखाली नकाशा उघडला. दोन-तीन मिनिटं ठिपका भलतीकडंच होता, मग सरकत सरकत आमच्या तुरीच्या तासावर येऊन थांबला. ‘काकाजी, आपली ई-पीक पाहणी आता मीच करीन,’ ती म्हणाली. मी तिच्या फोनच्या झिप, रिकव्हरी आणि अनलॉकचा कोड एका पेनड्राइव्हवर ठेवला, त्यावर पट्टी चिकटवून ‘शेफ’ लिहिलं आणि टेबलाच्या वरच्या खणात टाकला.