एक 'पेक्षा' आणि इंग्रजीतली सगळी गडबड

मराठीत 'पेक्षा' लावला की काम झालं, म्हणून आपण इंग्रजीत पण सगळीकडे दॅन चिकटवतो आणि तिथेच फसतो.

'सीनियर दॅन मी' चूक आहे, सीनियर टू मी लिहा. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून येतानाच 'जास्त-कमी' पोटात घेऊन आलेत, म्हणून त्यांना मोर पण लागत नाही. प्रिफरलाही टूच, आय प्रिफर टी टू कॉफी. आणि बोलताना आपण दॅन आणि देन दोन्हीला देनच म्हणतो ना, मग लिहिताना स्पेलिंग हमखास चुकतं. तुलनेचा तो ए वाला, 'मग' या अर्थाचा ई वाला.

'मोर बेटर' आपण 'जास्त चांगलं'वरून उचलतो, पण बेटरमध्ये जास्त आलंच. जोर द्यायचाय तर मच बेटर. मित्राला चॅटवर वे बेटर बिनधास्त लिहा, ऑफिसच्या मेलमध्ये मात्र मच बेटर किंवा फार बेटर (इंग्रजीतलं फार, far).

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, जी मला चांगल्या चांगल्यांच्या लिखाणात दिसते. पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली, हे मराठीत एकदम बरोबर. इंग्रजीत 'पुणेज वेदर इज बेटर दॅन मुंबई' लिहिलं की हवेची तुलना अख्ख्या शहराशी होते, शेवटी मुंबईज हवंच, तो अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस विसरू नका.

टॉलर दॅन मी चालतं, दॅन आय आता फार पुस्तकी वाटतं. पण 'शी लाइक्स टी मोर दॅन मी' लिहिलं तर तिला चहा माझ्यापेक्षा जास्त प्रिय की मला आवडतो त्यापेक्षा जास्त आवडतो, कळतच नाही, दुसरा अर्थ हवा असेल तेव्हा दॅन आय डू लिहून टाका.

लाइक आणि अ‍ॅजसाठी मराठीतच विचारून बघा. 'मॅनेजरसारखा' काम करतो तर लाइक अ मॅनेजर, 'मॅनेजर म्हणून' करतो तर अ‍ॅज अ मॅनेजर. पुढे पूर्ण वाक्य असेल तर फॉर्मल लिखाणात अ‍ॅज, म्हणजे अ‍ॅज आय सेड. लाइक आय सेड गप्पांत चालतं, तरी 1954 मध्ये अमेरिकेत विन्स्टन सिगरेटच्या जाहिरातीत अ‍ॅजच्या जागी लाइक आलं म्हणून व्याकरणवाले जाम भडकले होते.

आणि 'अ‍ॅज गुड अ‍ॅज डन' म्हणजे चांगलं झालं असं नाही हं, झाल्यातच जमा. काम थोडं बाकी असतं, त्यामुळे बॉसला पूर्ण झालं कळवायचं असेल तर नुसतं डन लिहा.