दोन लॅबचे थायरॉईड रिपोर्ट जुळवाचे कसे

आमच्या दारव्ह्यात सँपल घेतलं का ते नागपूरले जाते, पुढच्या वेळी दुसऱ्याच लॅबले, मंग आकडे जुळत नाही अन् घरचे घाबरतेत. भाऊ, आधी युनिट पाहा. टीएसएच (थायरॉईडले काम कराले सांगणारं हार्मोन) एकात मायक्रो आययू पर एमएल अन् दुसऱ्यात मिली आययू पर लिटर असलं तरी आकडा तोच असते, पण फ्री टी४ (थायरॉईडचं रक्तातलं मोकळं हार्मोन) एनजी/डीएल मध्ये असन तर १२.८७ नं गुणा, तवा पीमोल/लिटर येते, म्हणजे १.२ चे साडेपंधराच्या जवळ, टी४ वाढलं नाही बाप्पा!

युनिट सारखं असूनही फरक येतेच, कारण प्रत्येक कंपनीची मशीन अन् तपासणीतली अँटीबॉडी (हार्मोन पकडणारं प्रथिन) येगळी, म्हणून आकडा त्याच रिपोर्टवरच्या नॉर्मल रेंजशीच ताडून पाहा, दुसऱ्या लॅबच्या रेंजशी नाही. जमलं तर दरवेळी एकच लॅब, अन् सकाळचीच वेळ धरा, टीएसएच दिवसभर खालीवर होते.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का? त्यानं काही मशीनवर रिपोर्ट साफ चुकते, डॉक्टरले इचारून निदान २ दिवस आधी बंद करा. अन् आकडा पाहून गोळीचा डोस सोताच कमीजास्त करू नका, दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा.